चादरीत बांधलेली शेगडी

गॅस बंद होत नव्हता. भाजी उतरवून बटण फिरवलं, तर ते अर्ध्यावरच अडकलं आणि शेगडीत बारीक निळी ज्योत जळत राहिली. फडक्यात धरून पिळून पाहिलं, पक्कड लावून पाहिली. शेवटी सिलिंडरचं रेग्युलेटर बंद केलं तेव्हा कुठे ती विझली. मी तिथेच पाटावर बसले. पक्कड हातातून फरशीवर पडली.

"काय पडलं गं?" बाहेरच्या खोलीतून आत्याबाईंनी विचारलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मालनबाई.

"काई न्हाई, पक्कड पडली," मी म्हणाले. पक्कड कशाला लागली ते मात्र सांगितलं नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि हिंगोलीत गॅस असलेली घरं अगदी मोजकी होती. गल्लीतल्या बायका आमचा गॅस बघायला यायच्या आणि उंबऱ्यातूनच बघायच्या, कारण टाकी कधी ना कधी फुटणार याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. आमच्या घरी तो हौसेने आला नव्हता. आत्याबाई शिरड शहापूरला थोरल्या दिरांकडे राहायच्या. तिथे चुलीत बारा महिने कापसाच्या पऱ्हाट्या नाहीतर तुरीच्या तुराट्या. दम्याने त्यांना बसल्याजागी धाप लागायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी ह्यांना स्पष्ट सांगितलं की आईला जगवायचं असेल तर धूर बंद करा, चुलीचा आणि रॉकेलच्या स्टोचाही. ह्यांनी अकोल्याच्या एका मित्राच्या ओळखीने कसाबसा गॅस मिळवला आणि मगच आईला घेऊन आले.

आल्या दिवसापासून आत्याबाईंचं एकच पालुपद. "माजं गाव बरं व्हतं. हितं त्या बाँबगोळ्याजवळ मी काहून राहू?" स्वयंपाकघरात त्या माझ्यादेखत पाऊल टाकत नसत. मी शाळेत शिकवून घरी आले की शेगडी मात्र लख्ख पुसलेली दिसायची. सुनेला साधी शेगडी पुसता येत नाही असा टोमणा त्यात आहे, हे न कळायला मी काही दूधखुळी नव्हते. मीही कधी त्याबद्दल बोलले नाही.

बटण अडकलं तेव्हा हे औरंगाबादला ट्रेनिंगला गेले होते. जाताना बजावून गेले होते, "गॅसला काही झालं तर छेडछाड करायची नाही. आल्यावर मी तो परत करून टाकीन. आपल्याला घर जाळून घ्यायचं नाही." परत करणं म्हणजे पुन्हा स्टो, आणि स्टो पेटला की आत्याबाई निघाल्या. धूरच खायचा तर माझ्या गावचा खाईन, असं त्या दहादा बोलून चुकल्या होत्या. गावी गेल्या तर त्या पुढचा हिवाळा काढणार नाहीत, ही भीती मला रात्री झोपू देत नव्हती. हे रविवारी येणार होते.

मी रेग्युलेटरवरच कारभार सुरू केला. एका हाताने काडी ओढायची, दुसऱ्या हाताने रेग्युलेटर उघडायचं, मान लांब ठेवायची. भाकरी पालथी घालताना माझं लक्ष तव्याखाली असायचं. त्यात बटणाच्या बुडातून वास येऊ लागला. रेग्युलेटर बंद करून खिडकी उघडली तरी तो रेंगाळायचा.

"पंचफुला, कशाचा तरी वास येऊन राहिला," आत्याबाई म्हणायच्या.

"मोरी तुंबली, आत्याबाई."

त्या रोज सकाळी बुद्धवंदनेला मेणबत्ती लावायच्या. मी मेणबत्त्या आणि काड्याची पेटी डाळीच्या डब्यात लपवल्या आणि मेणबत्त्या संपल्या म्हणून सांगितलं. त्यांनी ज्योतीविनाच हात जोडले, वंदना म्हटली, आणि माझ्याकडे एकवार पाहिलं. मला फार वाईट वाटलं, पण भीती त्याहून मोठी होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर खेमाला घरी आणलं. आत्याबाई तेव्हा शेजारी गेल्या होत्या. खेमाचं बाजारात स्टो दुरुस्तीचं दुकान होतं. अर्ध्या हिंगोलीचे स्टो त्याच्या हातून गेलेले. पिना, वायसर, बर्नर यांनी भरलेला डबा घेऊन तो आला, आणि सिलिंडर दिसताच दारातच थांबला.

"बाई, रॉकेलचा स्टो असता तर डोळे झाकून करून देलं असतं. ह्याचा एकबी पार्ट आपल्या डब्यात न्हाई."

"निदान बघ तरी. रेग्युलेटर बंद आहे."

त्याने शेगडी उचलून बटणाला बोट लावलं, बोट चोळून पाहिलं. "चिकट लागून राहिलं. आतला कॉक, गॅस सोडायची चावी, ती धरली. स्टोचा पंप असा धरला की आमी तेल सोडतो. सोडू का थेंबभर?"

मी हो म्हणणारच होते. पण ह्यांचं 'छेडछाड नको' आठवलं आणि मी नको म्हटलं. खेमाला सुटल्यासारखं झालं. "अकोल्याला घेऊन जा," तो म्हणाला, "हिंगोलीत हे कोनालाच जमायचं न्हाई."

शनिवारी शाळेत रजा टाकली. नळी काढली, शेगडी चादरीत बांधली आणि पहिली एसटी पकडली. आत्याबाईंना सांगितलं, शाळेचं काम आहे. त्यांनी चादरीच्या गाठोड्याकडे पाहिलं आणि "बरं," एवढंच म्हणाल्या. कनेरगाव नाक्याला सगळे चहाला उतरले. मी मांडीवर शेगडी घेऊन बसून राहिले. नवा कॉक मिळाला नाही तर? मिळाला आणि तरीही वास आला तर? वाशीम गेलं तरी डोक्यात तेच.

अकोल्याच्या दुकानदाराने पान्याने कॉक उघडला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे पाहिलं.

"यात खायचं तेल कोनं टाकलं?"

"तेल? कोणीच नाही."

"करडीचं हाय, बाई. वास घ्या. गरम होऊन त्याचा पार डिंक झाला. एकडाव न्हाई, रोज टाकलं असन कोनी. गॅसच्या कॉकले तेल चालत न्हाई, त्याचं ग्रीस येगळं असते."

नवा कॉक यायला महिने लागतील म्हणाला. माझा चेहरा पाहून त्याने माळ्यावरच्या एका मोडक्या शेगडीचा कॉक काढला, साफ केला, ग्रीस लावून बसवला. बटण लोण्यात सुरी फिरावी तसं फिरलं. मी हट्टाने थोडं ग्रीस मागून घेतलं. त्याने ते काजळाच्या रिकाम्या डबीत भरून दिलं.

परतीच्या वाटेत आनंद व्हायला हवा होता. मी मात्र रागाने धुमसत होते. आमच्या स्वयंपाकाला शेंगदाण्याचं तेल. करडईच्या तेलाची बाटली घरात एकच, आत्याबाईंच्या उशाशी, गुडघ्यांना चोळायची. म्हणजे मी शाळेत गेले की त्या हे उद्योग करत होत्या. गॅस मोडायचा आणि गावी जायचं. मी इथे जीव मुठीत धरून भाकरी थापतेय आणि आत्याबाईंचं हे कारस्थान. हिंगोलीपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी कडाकडा भांडले, आणि प्रत्येक वेळी मीच जिंकले.

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या, डोक्यावर पदर, शेजारी त्यांचं गाठोडं. गाठोड्यातून तेलाच्या बाटलीचं तोंड डोकावत होतं.

"चालल्या का?" मी म्हणाले. "गॅस मोडून समाधान झालं असंल."

त्यांनी मान वर केली नाही. "मोडला ना माज्याच हातानं. तू चादरीत बांधून नेला तवाच समजलं. उद्या औरंगाबादहून नरसिंग यील, तो काई बोलायच्या आधी आपन गेलेलं बरं."

"तेल काहून टाकलं?"

"जड बटन फिरवताना तुजा हात दुखून राहिला, मी बाहेरून बघत नव्हते का? वायसर कोरडं पडलं की स्टो बंद पडतो. तसंच ह्याचं आसंल म्हनलं. म्हनून रोज पुसून थेंबभर सोडत व्हते." त्यांना धाप लागली. जरा थांबून त्या म्हणाल्या, "हे बंद पडलं तर मला गावी धाडाल तुमी. तिथं मला दम पुरत न्हाई, पंचफुला."

एसटीत जिंकलेलं सगळं भांडण मी तिथेच हरले. इतके दिवस मी ज्या भीतीने झोपले नव्हते, त्याच भीतीने ही बाई माझ्यामागे शेगडी पुसत होती. मला स्वतःची लाज वाटली आणि त्यांचा रागही आला, की हे आधी बोलायला काय झालं होतं. मीही बोलले नव्हते म्हणा.

मी त्यांना हाताला धरून आत नेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माझ्यादेखत शेगडीपुढे बसल्या. मी नळी जोडली, सांध्यांना साबणाचा फेस लावला, रेग्युलेटर उघडलं. आम्ही दोघी वाकून फेसाकडे बघत राहिलो. एकही फुगा आला नाही. काडी ओढली, ज्योत उठली. बटण फिरवलं, ज्योत गेली. दोनदा करून पाहिलं.

मग काजळाची डबी त्यांच्या पुढ्यात ठेवली. "ह्याला तेल चालत न्हाई, हे ग्रीस लागतं. बटन जड झालं की मी कॉक उघडून घेईन, ग्रीस तुमी लावायचं. मला शाळेतून सवड न्हाई."

त्यांनी डबी उघडून वास घेतला, नाक मुरडलं, झाकण लावलं आणि डबी कमरेला खोचली. मग उठून ओसरीवर गेल्या. मला वाटलं, त्या गाठोडं उचलणार. त्यांनी त्याची गाठ सोडली, तळातलं एक जुनं लुगडं काढलं आणि टर्रकन फाडलं.

"पुसायला चिंधी लागंल ना," त्या म्हणाल्या.