रामकिसनचा मराठीचा पेपर

रामकिसन सांडू काळे नापास झाला, आणि तोही मराठीत, ही बातमी रंगारगल्लीत पसरायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही.

नापास होणारा काही पोरसवदा नव्हता. वय एक्केचाळीस, कपाळावरचे केस मागं सरकायला लागलेले, बांधकाम खात्यात सतरा वर्षांची नोकरी. निजामाच्या अमदानीत तो सब-ओव्हरसियर म्हणून लागला, तेव्हा खात्याला ‘तामीरात’ म्हणायचे. पैठण रस्त्यावरच्या बहुतेक मोऱ्या, म्हणजे नाल्यांवरचे छोटे दगडी पूल, त्याच्या डोळ्यांदेखत उभ्या राहिल्या होत्या. कुठल्या नाल्याला पाणी कधी येतं, कुठली माती दगा देते, हे त्याला नकाशा न बघता ठाऊक असायचं. पण इतक्या वर्षांत तो राहिला दुय्यमच. माप घ्यायचं त्यानं, सही दुसऱ्याची.

पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, तरी कचेरी बरीच वर्षं जुन्याच वळणानं चालली. छप्पन साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढच्याच वर्षी खात्याचा हुकूम निघाला : ज्याला ओव्हरसियर होऊन एखाद्या भागाचा स्वतंत्र चार्ज घ्यायचा असेल, त्यानं परीक्षा द्यावी. बांधकाम, मोजणी आणि मराठी असे तीन पेपर, वर तोंडी परीक्षा.

कचेरीत नकाशे काढणारा दस्तगीर रामकिसनचा जिवाभावाचा दोस्त. हुकूम निघाल्यावर आठ दिवसांतच तो गुलमंडीवरून बालबोध पुस्तक घेऊन आला आणि दुपारच्या सुट्टीत पाटीवर ‘क’ गिरवायला लागला.

“रामकिसनभाई, तू पण बस ना,” तो म्हणाला.

“मी? अरे, मराठी माझी मायबोली आहे. मायबोलीचा काय अभ्यास करायचा असतो?” रामकिसन हसून म्हणाला आणि डबा खायला निघून गेला.

बोलायचा तो मराठीच. पण शाळा सगळी उर्दूतून झालेली. हिशेब उर्दूत, रिपोर्ट उर्दूत, सासऱ्याला खुशालीचं पत्रसुद्धा उर्दूत. ते पत्र सासरे मशिदीतल्या मौलवींकडून वाचून घ्यायचे. बालबोध, म्हणजे देवनागरी अक्षरं त्याला दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरती येत होती आणि तेवढी पुरेत असा त्याचा समज होता.

परीक्षेत पहिले दोन पेपर त्यानं झकास सोडवले. मराठीच्या पेपरात पुलाच्या पाहणीचा अहवाल लिहायचा होता. अर्धं पान होईपर्यंत त्याला घाम फुटला. एकेक अक्षर म्हणजे एकेक दगड घडवून बसवल्यासारखं. घड्याळाकडं बघितलं तर दीड तास गेलेला. शेवटी त्यानं मनाशी ठरवलं, भाषा मराठीच ठेवू, लिपीचं काय एवढं? आणि उरलेली साडेतीन पानं त्यानं उजवीकडून डावीकडं, सवयीच्या सुंदर वळणदार उर्दू अक्षरांत लिहून काढली.

निकाल लागला. बांधकामात पंच्याऐंशी, मोजणीत नव्वद, मराठीत सात. आणि दस्तगीर मराठीत बासष्ट मिळवून पास.

दस्तगीरनं पेढे आणले होते, पण रामकिसनच्या हातावर ठेवताना बिचाऱ्याला संकोच वाटला. रामकिसननं दोन पेढे एकदम तोंडात घातले, म्हणजे काही बोलावं लागलं नाही.

घरी आल्यावर मात्र त्यानं टोपी खुंटीला न लावता पलंगावर फेकली. त्याची बायको द्वारकाबाई ज्वारी निवडत होती. तिनं मान वर न करताच विचारलं, “सात म्हंजी शंभरातले व्हय?”

“मग काय आठातले?”

“नाय, आपलं इचारलं.” तिनं सुपातला एक खडा बाजूला टाकला. “मला चौथीत अठ्ठ्याहत्तर व्हते.”

रामकिसन तिच्याकडं बघतच राहिला. द्वारकाबाईचं माहेर गोदावरीपलीकडं, शेवगावला. तो मुलूख इंग्रजांचा, तिथल्या शाळा मराठी. ती चार यत्ता शिकलेली आहे आणि श्रावणात गल्लीतल्या बायकांना पोथी वाचून दाखवते, हे त्याला लग्नापासून माहीत होतं. पण ते आपल्या काही उपयोगाचं असेल, असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

“सहा महिन्यांनी परत परीक्षा आहे,” तो म्हणाला.

“मंग उद्या सकाळपून बसा. पण एक सांगते. शिकवताना मी तुमची बायको नाय. चिडायचं नाय, आन् उठून जायचं नाय.”

दुसऱ्या दिवसापासून सकाळी चहा झाला की ओसरीवर शाळा भरायला लागली. गल्लीतल्या बायका पाण्याला जाता-येता थांबायच्या, पदर तोंडाला लावून हसायच्या. रामकिसन भिंतीकडं तोंड करून बसायचा. द्वारकाबाई शिकवायला कडक होती. पण त्याची एक खोड काही केल्या जाईना. शब्दांतले उकार आणि वेलांट्या तो खुशाल गाळून टाकायचा.

“ह्ये काय लिवलं? ‘पल’?”

“पूल.”

“मंग उकार कुठंय?”

“अगं, रस्त्याची गोष्ट चाललीय, म्हणजे पूलच असणार. उर्दूत असं सगळं लिहीत बसत नाहीत. वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं.”

“मराठीत वाचणारा समजून घेत नसतोय. मराठीत जे लिवलंय तेच वाचतेत. शंभर बार लिवा, पूल.”

त्यानं लिहिलं. तरी खोड गेली नाही. ती गेली बिडकीनमुळं.

बिडकीनच्या पुढं, पैठणच्या बाजूला एका नाल्यावर मोरीचं काम चाललं होतं. दगडी बांधकाम, चुन्यातलं. चुना बिडकीनच्या भट्टीवरून यायचा. भट्टीचा मुन्शी उर्दू जाणणारा, त्यामुळं रामकिसन त्याला नेहमी उर्दूत चिठ्ठी धाडायचा. पण तीन महिने ओसरीवरच्या शाळेत काढल्यावर त्या दिवशी त्याला हुरूप आला. ताठ बसून त्यानं मराठीत चिठ्ठी लिहिली, दोनदा वाचली, खाली सही ठोकली आणि गाडीवानाच्या हातात दिली. नेहमीचा गाडीवान तापानं पडला होता. हा फकिरा नवा, त्याला ना भट्टी ठाऊक, ना अक्षरओळख.

फकिरा बिडकीनच्या बाजारात गेला आणि पहिलं मोठं दुकान दिसलं तिथं गाडी थांबवून चिठ्ठी पुढं केली. दुकान किराणामालाचं होतं, बद्रीनाथ शेटजींचं. शेटजींनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं : “सरकारी कामासाठी दहा पोती चना ताबडतोब पाठवावा.” सरकारी काम म्हटल्यावर त्यांनी हमाल बोलावले आणि हरभऱ्याची दहा पोती गाडीत चढवली.

नेमका त्याच दिवशी नवा डेप्युटी इंजिनिअर पाहणीला आला. माणूस पुण्याकडचा, काटेकोर, जीपमधून उतरतानाही पँटची इस्त्री सांभाळणारा. गवंडी नुसते बसलेले बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

“काम का थांबलंय?”

“चुना येतोय साहेब. ती बघा गाडी,” रामकिसननं रस्त्याकडं बोट दाखवलं.

गाडी आली. मुकादम पुंजारामनं पुढं होऊन पोत्याचं तोंड सोडलं, आत हात घातला आणि मूठभर हरभरे बाहेर काढून सगळ्यांपुढं धरले. मागून मजूर बायांपैकी एकजण फिसकन हसली.

“ह्यो कसला चुना म्हणायचा?” पुंजाराम म्हणाला.

“मला काय ठावं?” फकिरा घाबरून म्हणाला. “शेटजींनी चिठ्ठी वाचली, पोती भरली. मी म्हणलं मजुरांच्या खाण्यासाठी असंल.”

साहेबांनी चिठ्ठी मागून घेतली. रामकिसनला वाटलं, हा नाला आत्ता भरून वाहिला आणि आपण त्यात गेलो तर बरं.

“हे कुणी लिहिलं?”

“मी, साहेब. चूक माझी आहे. गाडीवानाचा काही दोष नाही.”

“उकार कुठं आहे?”

“उकार?” फकिरा काकुळतीनं मधेच बोलला. “न्हाई वं साहेब, दुकानदारानं एवढंच दिलं. मी वाटंत काई बी सांडलं न्हाई.”

साहेबांनी चिठ्ठी तोंडापुढं धरली. चिठ्ठी हलायला लागली. मग त्यांना ती खाली घ्यावी लागली, आणि सगळ्यांनी बघितलं की काटेकोर साहेबांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. मग काय, गवंडी हसले, बाया हसल्या, फकिराही काही न कळता हसला. शेवटी रामकिसनलाही हसू आवरेना.

नऊ पोती शेटजींनी परत घेतली. दहावं तोवर फुटलं होतं. पुंजारामनं तीन दगड मांडून चूल पेटवली, आणि त्या दुपारी साहेबापासून बिगाऱ्यापर्यंत सगळ्यांनी भाजलेले हरभरे खाल्ले. खाता खाता साहेबांनी रामकिसनला मोरीबद्दल बरंच विचारलं. पाणी किती चढतं, पाया एवढा खोल का. रामकिसन बोलत गेला. निघताना साहेब म्हणाले, “काळे, तुम्ही परीक्षेला बसताय ना? बसाच. आणि तेवढे उकार द्या.”

संध्याकाळी रामकिसननं घरी सगळं सांगितलं. द्वारकाबाई हसली नाही. पाटी त्याच्या पुढ्यात सारून म्हणाली, “लिवा.” त्यानं निमूटपणे शंभर वेळा ‘चुना’ लिहिलं.

दुसऱ्या खेपेचा पेपर त्यानं असा लिहिला, की तीन तासांत फक्त अडीच पानं झाली. शेवटची पंधरा मिनिटं तो पहिल्या शब्दापासून बोट ठेवत नुसते उकार आणि वेलांट्या तपासत बसला. सव्वीस ठिकाणी राहिलेल्या सापडल्या. त्या त्यानं दिल्या, आणि दोन-तीन ठिकाणी गरज नसतानाही देऊन टाकल्या.

तोंडी परीक्षेला तिघे परीक्षक होते. मधले, पांढऱ्या मिशांचे, जुनी उत्तरपत्रिका घेऊनच बसले होते.

“काळे, आडनाव मराठी, बोलता मराठी. मग मागच्या वेळी सात मार्क कसे?”

रामकिसननं खोटं कारण सांगायचा विचार केला आणि सोडून दिला. “साहेब, सतरा वर्षं मी बोललो आईच्या भाषेत आणि लिहिलं सरकारच्या. दोन्ही एकच होतील असं कधी वाटलं नव्हतं. वाटलं असतं तर आधीच शिकलो असतो.”

मिशांखाली जराशी हालचाल झाली. “बरं. समजा, तुमच्या मोरीमुळं माझ्या शेतात पाणी तुंबेल अशी मला भीती आहे. मी गावचा पाटील. मला समजावून सांगा.”

आता रामकिसन खुर्चीत पुढं सरकला. हे त्यानं किती पाटलांना समजावलं होतं! त्यानं टेबलावरची दौत उचलली, पट्टी आडवी ठेवली, हा नाला, हा तुमचा बांध, असं करत तो अस्सल बोलीवर आला. “पाटील, तुमी कशापायी घोर करता? पाण्याला वाट ऱ्हाईली की ते तुमच्या रानात कशाला शिरंल? आमी वाट आडवीत नाय, मोकळी करतोय. पाऊस पडंल तवा मी सोता येऊन हुभा ऱ्हातो.”

“आणि नाही आलात तर?” परीक्षक पाटलाच्याच तोऱ्यात म्हणाले.

“तर माझ्या घरी या. रंगारगल्लीत कुणालाबी इचारा. बायको दारातच गाठंल तुमाला.”

तिघेही हसले, आणि ‘या तुम्ही’ म्हणाले.

निकालाची यादी कचेरीच्या फळ्यावर लागली, तेव्हा रामकिसन खुर्चीतून उठेना. दस्तगीरच धावत जाऊन आला. दारातूनच ओरडला, “रामकिसनभाई, एक्केचाळीस!”

“माझं वय सांगतोस का मार्क?”

“मार्क! पस्तीसला पास. पेढे काढ!”

पंधरा दिवसांत हुकूम हातात पडला : रामकिसन सांडू काळे, ओव्हरसियर, बिडकीन भाग. आता माप घेणाराही तोच आणि सही करणाराही तोच. पहिली सही करताना त्यानं टाक दोनदा पुसला. बाजूला पुंजाराम उभा होता, तो म्हणाला, “करा की आता, शाई वाळाय लागली.”

मोरी पुरी झाली तेव्हा द्वारकाबाईनं हट्टच धरला, मला दाखवा म्हणून. एका रविवारी दोघं एसटीनं गेले. कंडक्टरनं नाल्यापाशी गाडी थांबवली. द्वारकाबाई खाली उतरली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

“कुठंय?”

“अगं, तू उभी आहेस तिच्यावरच.”

ती बाजूला होऊन वाकून बघायला लागली. “एवढीशीच व्हय? येवढ्यासाठी सहा महिने माझं डोस्कं खाल्लं?”

तिनं पदर खोचला आणि दगड धरत धरत ती थेट नाल्यात उतरली. कमानीखाली वाकून गेली, आतल्या दगडांवरून हात फिरवला, सांध्यांत नख घालून बघितलं. पलीकडच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, “अवो, इथं लई गार वाटतंय. भाकरीचं गठुडं घेऊन खाली या.”

ओव्हरसियर साहेबांनी एकदा मागंपुढं रस्ता बघितला, धोतर सावरलं, आणि गठुडं घेऊन ते खाली उतरले.