तळ्यातलं विरजण

वहिनींना स्वच्छतेचं भारी वेड. नणंदेचं माशांचं तळं त्यांच्या डुकरांच्या गोठ्यांखालीच, उताराला. ती बापडी चिखलातून आली, की पाय धुतल्याशिवाय तिला उंबरठा ओलांडायची सोय नव्हती. अलीकडे ती दारातूनच बोलून परत फिरायची.

त्या वेडापायीच घोळ झाला. पाहुणे यायचे म्हणून वहिनींनी गोठे फिनाईल ओतून लख्ख धुतले आणि ते सगळं पाणी डुकरांच्या घाणीपासून गॅस करणाऱ्या टाकीत गेलं. शेगडी विझली. टाकीत घाण पचेना, तशीच शेजारच्या खड्ड्यात साचू लागली. खड्डा काठोकाठ आला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई येऊन टाकी बघून गंभीर झाल्या. घाण पचवणारे जंतू मेले होते. खड्ड्यातली घाण वाहून तळ्यात उतरली तर तिथले दुसरे जंतू तिच्यावर तुटून पडतील, पाण्यातला प्राणवायू फस्त करतील आणि मासे गुदमरतील, असं त्यांनी सांगितलं. नणंदेचं पोट त्या माशांवर होतं.

टाकीला जिवंत जंतूंचं नवं विरजण हवं होतं, जिथे हवा पोचत नाही अशा जागेचं. दारातून नणंद हळूच म्हणाली, "माझ्या तळ्यात गाळावर पाय दिला की बुडबुडे येतात."

"तेच ते जंतू, बुडबुडे त्यांच्याच गॅसचे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पृथ्वीवरच्या हवेत प्राणवायू नव्हता तेव्हापासून आहेत. तो आल्यावर खाली जाऊन बसले."

वहिनी थक्क झाल्या. जन्मभर नाक मुरडलं त्या चिखलात झाडांच्या, माणसांच्या आधीची वस्ती नांदत होती, आणि नणंद तिच्यावरून रोज चालत होती.

मग नणंद छातीभर पाण्यात उतरून गाळ काढू लागली. वहिनींनी टाकीतलं फिनाईलचं पाणी टँकरने बाहेर पाठवलं, गाळ आत ओतला, घाण घासाघासाने घातली. खड्ड्याला मातीच्या गोण्यांचा बांध घातला. रोज टाकीला कान लावायच्या. आत सगळं शांत. आठवडे गेले. मग एका सकाळी आतून बुडबुड ऐकू आली.

शेगडीवर निळी ज्योत उभी राहिली तेव्हा नणंद गाळाची शेवटची बादली घेऊन दारात आली होती. सवयीने ती पाय धुवायला नळाकडे वळली.

"राहू द्या, वन्सं," वहिनी म्हणाल्या. "तशाच आत या."