साखर न खाणारी

आमच्या खाडीवर तेलाचा तवंग माझ्या जन्माआधीपासून आहे. कोळी यानोकाका होडीतून बाटलीभर पाणी आणून देई आणि म्हणे, घे रोझाल्बा, समुद्राचं काजळ. प्रयोगशाळेत मी रोझाल्बाच्या शेजारच्या टेबलावर काम करते. त्या काजळात तिला ती सापडली तेव्हा मी तिथेच होते. तेल खाणारी, जिवाणूंची नवी जात. काचेच्या ताटलीत तेलाखेरीज दुसरा घास नव्हता, तरी मोहरीएवढे पांढरे ठिपके उमटले.

खात्रीसाठी आमचे प्रमुख प्रोफेसर लिउत्सो यांनी त्या जातीची एक कुपी पालेर्मोच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. तिथल्यांनी तिला मांसाच्या अर्कात साखर घालून वाढवायला ठेवलं. पाहुण्याला उपाशी ठेवायचं नाही, ही आम्हा बेटकरांची खोड. तीन आठवडे तो अर्क नितळच राहिला. जात मेलेली आहे, असा निकाल आला. उरलेल्या कुप्या शुक्रवारी वाफेच्या भट्टीत टाकायचं ठरलं.

रोझाल्बाने कुप्यांच्या शीतकपाटाची किल्ली गळ्यात घातली, क्रूसाशेजारी. प्रोफेसरांनी आधी समजावलं, मग तिची नेमणूक वाढणार नाही असंही सुचवून पाहिलं.

"काढा मला," ती म्हणाली. "पण तिला मारू नका. तुम्ही तिच्यापुढे लग्नाचं जेवण मांडलंत. ती या खाडीची लेक आहे, प्रोफेसर. तिला साखर नको, तेल हवं."

"माझ्या आजीची एक शेळी होती, पोरी. गवत सोडून चपला खायची."

"दूध द्यायची ना?"

रोझाल्बाला दहा दिवस मिळाले.

तिने तीन चंबू यंत्राने सतत हलणाऱ्या फळीवर ठेवले. एकात गोड अर्क आणि ती. दुसऱ्यात उकळून थंड केलेलं समुद्राचं पाणी, तेल आणि ती. तिसऱ्यात तेच पाणी, तेच तेल, पण ती नाही.

दहाव्या दिवशी पहिला चंबू नितळ होता. तिसऱ्यात तवंग जसाच्या तसा, काळा, चकाकता. दुसऱ्यातलं पाणी गढूळ झालं होतं आणि तवंगाचा बारीक भुगा झाला होता.

प्रोफेसरांनी तो चंबू उजेडात धरला, तिरका केला, पुन्हा धरला. आणखी तीनदा करावं लागेल, म्हणाले. तीस वेळा करते, ती म्हणाली, आधी नोंदवहीत तिला जागा द्या.

त्यांनी क्रमांक लिहिला, खाडीचं नाव लिहिलं. अन्नाच्या रकान्यात हात सवयीने मांसाचा अर्क लिहू लागला. रोझाल्बाने पानावर तळवा ठेवला.

"खोडा. तेल लिहा."

त्यांनी खोडलं.