सहीनंतर बदल नाही

थोरलीला ठेच एकदाच लागली होती, पण चांगली लागली होती. इमारती तपासून अहवाल देणं हा तिचा धंदा. एका गिऱ्हाइकाला तिने अहवालाची उघडी फाइल पाठवली, तर पठ्ठ्याने ‘धोकादायक’चं ‘समाधानकारक’ करून टाकलं आणि खाली नाव हिचंच! तेव्हापासून ती प्रत्येक अहवालावर डिजिटल सही ठोकायची. सहीनंतर कुणी स्वल्पविराम जरी हलवला, तरी फाइल उघडताच लाल इशारा यायचा.

गिऱ्हाइकं सांभाळायचा धाकटा भाऊ. एक नंबरचा गोडबोल्या. ताई म्हणजे ताकसुद्धा फुंकून पिणारी, असं चारचौघांत चिडवायचा. अहवाल ती लिहायची, फोटो आणि तक्ते नीट बसवायला त्याच्याकडे द्यायची, आणि परत आला की न वाचता सही करायची. घरचाच माणूस, त्याचं काय तपासायचं?

मग एका लॉजची गॅलरी कोसळली. दोन जीव गेले. गॅलरीत कुणालाही उभं राहू देऊ नका, असं थोरलीने तिथल्या अहवालात स्वच्छ लिहिलं होतं. मालक म्हणे, असलं काही अहवालात नव्हतंच. चौकशी लागली, तिचा परवाना रद्द व्हायची वेळ आली, तरी ती निर्धास्त होती. चोर कसा पकडायचा हे तिला माहीत होतं ना! धाकट्याने मात्र, चौकशीला आपण नको जायला, वकिलाला पाठवू, अशी भुणभुण लावली होती. घाबरलाय बिचारा, असं वाटून तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

चौकशी अधिकाऱ्यासमोर तिने ठणकावून सांगितलं, मालकाकडची फाइल उघडा, लाल इशारा दिसेल. अधिकाऱ्याने उघडली. हिरवी खूण आली. सहीनंतर कोणताही बदल नाही. थोरलीने स्वतः पानं खालीवर करून पाहिली. गॅलरीचं वाक्य कुठेच नव्हतं.

तिने वळून धाकट्याकडे पाहिलं. त्याची मान खाली होती.

“गिऱ्हाईक हातचं गेलं असतं, ताई,” तो पुटपुटला. “एकच तर वाक्य होतं.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, ही सही दुसऱ्या कुणी केली असण्याची शक्यता आहे का?

“नाही,” थोरली म्हणाली. “ती माझ्याशिवाय कुणालाच करता येत नाही.”