कपाटाच्या दरवाज्यावरचं अर्थशास्त्र

मी एका लाकडी कपाटाचा उजवा दरवाजा बोलतोय. माझ्या डाव्या भावाला आरसा आहे, म्हणून घरातली माणसं त्याच्यापुढे उभी राहायची. माझी आठवण व्हायची ती फक्त ओला टॉवेल अडकवायला.

या घरच्या मॅडमच्या लग्नात सुताराने मला घडवलं. चकाकीवर बोटांचे ठसे उठतात म्हणून उस्तादांनी मला बिनचकाकीचा गडद हिरवा रंग द्यायला लावला. उस्ताद म्हणजे मॅडमचे यजमान. ते मोठ्या हॉटेलात आचारी होते. तिथली पोरं त्यांना उस्ताद म्हणायची, मग थट्टेने मॅडमही म्हणू लागल्या. त्यांचे पांढरे कोट माझ्यामागे टांगलेले असत. कितीही धुतले तरी त्यांचा भाजल्या कांद्याचा वास जात नसे. मॅडम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायच्या.

मग साथ आली. हॉटेल बंद झालं, कॉलेजही बंद झालं. तास फोनवरून घ्यायचे ठरले, पण घरात फळा कुठून आणायचा?

"अगं, फळा शोधत कशाला फिरतेस?" उस्ताद म्हणाले. "हा काय, समोरच उभा आहे."

मॅडमनी माझ्यावर खडू ओढून पाहिला. रेघ छान उमटली आणि मी फळा झालो.

पहिला धडा मागणी आणि पुरवठ्याचा होता. "इतर परिस्थिती कायम असताना..." एवढं माझ्यावर लिहून मॅडम थबकल्या.

फोनमधून एका मुलीचा आवाज आला, "मॅडम, सध्या कायम काय आहे?" तिचे बाबा शाळेची व्हॅन चालवायचे. शाळाच नव्हत्या, त्यामुळे व्हॅन दारात उभी होती.

मॅडमनी तळहातानेच ते वाक्य पुसलं. "बरोबर आहे तुझं. पुस्तक ठेवू बाजूला. तुमच्या घरात काय काय बदललं ते सांगा."

त्या दिवसापासून धडे मुलांच्या घरांतून येऊ लागले. कुणाच्या मावशीचं पार्लर बसलं होतं, तर कुणाच्या काकाच्या औषधाच्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. मॅडम त्याप्रमाणे मागणी-पुरवठ्याचे वक्र कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकवायच्या. कधी नव्हे ती मुलं तासाला जागी असायची. उस्तादही कॅमेऱ्यात न येता पलंगाच्या कडेला लसूण सोलत ऐकायचे.

बेकारीचे प्रकार शिकवताना त्याच मुलीने विचारलं, "माझे बाबा यातल्या कुठल्या प्रकारात?"

"चक्रीय," मॅडम म्हणाल्या. "मागणी परतली की कामही परत येतं."

"पण कधी?"

तेवढ्यात पलंगावरून उस्ताद म्हणाले, "पोरी, मीही त्याच रांगेत उभा आहे. कळलं की तुलाच आधी सांगतो!"

सगळे हसले. उस्ताद मात्र त्यानंतर लसूण नुसताच हातात धरून बसले.

पुढच्या आठवड्यात श्रमाची गतिशीलता आली. मॅडमनी दोन चौकोन काढले. एकात बंद पडलेले धंदे लिहिले, दुसऱ्यात कामाला माणूस मिळत नव्हता ते. मधे मोठा बाण काढला. "माणसं इकडून तिकडे जाऊ शकली, तर अर्थव्यवस्था लवकर सावरते," त्या म्हणाल्या.

तास संपताच उस्ताद उठले. "विलगीकरण केंद्राला आचारी हवाय. मी हो म्हणून टाकलंय."

"कुणाला विचारून?"

"तुला विचारलं असतं, तर नाहीच म्हणाली असतीस."

"अहो, तो धडा आहे. परीक्षेपुरता!"

"मग काय, खोटा आहे?"

उस्तादांनी मला उघडलं आणि एक कोट काढून घेतला.

कामावर गेल्यावर उस्ताद खुलले. एका आजारी म्हातारीने आतून निरोप पाठवला होता, 'सूप करणाऱ्याला सांगा, माझी चव परत आली.' ते हे येताजाता सांगायचे. मॅडम वैतागल्याचं सोंग करायच्या.

मग एका दुपारी जेवताना ते म्हणाले, "आज मीठ घालायला विसरलीस का गं?"

मॅडम विसरल्या नव्हत्या. त्यांचा घास हातातच राहिला.

उस्तादांना आधी केंद्रात नेलं, मग मोठ्या दवाखान्यात. तिथून ते परत आले नाहीत. त्यांना शेवटचं बघायलाही कुणाला जाऊ दिलं नाही.

बाण माझ्यावर तसाच होता. मॅडमनी तो पुसला नाही, झाकलाही नाही. बऱ्याच दिवसांनी त्यांनी पुन्हा फोन लावला.

"मॅडम, आज राहू दे ना," ती मुलगी म्हणाली.

"नाही. हा धडा अर्धा राहिलाय." बाणाखाली मॅडमनी लिहिलं, 'जाणाऱ्याची जोखीम'. "पुस्तकात बाण असतो, पण त्यावरून कोण चाललंय ते काढत नाहीत. मीही काढलं नव्हतं. जिथे गरज आहे तिथे माणूस जातो. त्याचा धोका कुणी उचलायचा, त्याच्यामागे घराचं काय, हेही अर्थशास्त्रच आहे. लिहून घ्या."

'लिहून घ्या' म्हटलं आणि त्या माझ्याकडे वळल्या. फोन बंद करायचं भान त्यांना राहिलं नाही. माझ्यावर कपाळ टेकून त्या रडल्या. पलीकडून कुणीही फोन ठेवला नाही.

आता सगळं उघडलंय. हॉटेलात नवा आचारी आला आहे. व्हॅनमधून त्या मुलीचे बाबा भाजी विकतात. मॅडम हे घर सोडून बहिणीकडे राहायला चालल्या आहेत. तिकडच्या अरुंद जिन्यातून कपाट चढत नाही, म्हणून मी नव्या भाडेकरूंसाठी मागे राहणार. त्यांना पांढरा रंग आवडतो. लवकरच माझ्यावर घासकागद फिरेल.

फिरू दे. माझं एवढंच मागणं आहे, पुन्हा कधी सगळं बंद पडलं आणि तुमच्या दारात गरम ताट आलं, तर ते शिजवायला कोण उभं होतं, तो घरी पोचला का, हे विचारा.

निघण्यापूर्वी मॅडमनी शेवटचे कोट काढून पिशवीत भरले. मग मला बंद केलं, अगदी हलक्या हाताने, आत कुणी झोपलं असावं तसं.