गोलातली खुर्ची

"मावशी, खुर्च्या गोल मांडा हं. मध्ये टेबल नको," मोठ्या बाई म्हणाल्या.

मी मांडल्या. डावा हात प्लास्टरात, म्हणून एकेक ओढत. माझ्याच निवाड्याच्या खुर्च्या मीच मांडायच्या, आहे की नाही गंमत? पण या शाळेत खुर्च्या मांडते ती मीच. दुसरं कोण मांडणार?

झालं होतं ते एवढंच. प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुऊन मी जरा टेकायला गेले आणि नववीतल्या एका मुलीनं मागून स्टूल ओढलं. मी फरशीवर. मनगट मोडलं. पोरं खो खो हसली.

आधीच्या हेडसरांनी तिचं नाव काढून दाखला हातात ठेवला असता. नव्या मोठ्या बाईंचं वेगळंच. घालवून देऊन पोरगी काय शिकणार, म्हणतात. समोरासमोर बसू, जिला लागलं तिला विचारू. म्हणजे मला. तिला ठेवायचं की नाही, तेही माझ्या शब्दावर.

घरी लेक तणतणत होती. "आई, सोडू नकोस हं तिला! उद्या डोक्यावर बसतील सगळी."

मी हो म्हटलं. खरं सांगू? मला राग येत नव्हता, कीवही येत नव्हती. नुसता हातच नाही, मी अख्खीच प्लास्टरात आहे असं वाटायचं.

मुलगी आली, तिचे आईवडील आले, वर्गशिक्षक आले. सगळे बसले. गोल भरला आणि मी दारापाशी उभी, नेहमीसारखी.

"मावशी, बसा ना."

तेव्हा लक्षात आलं, स्वतःची खुर्ची मांडायलाच विसरले होते. या खोलीत इतक्या वेळा खुर्च्या मांडल्या, पण स्वतःला धरून कधी मोजल्याच नव्हत्या.

"अगंबाई! राहू दे, उभीच बरी आहे मी."

"तुम्ही बसल्याशिवाय सुरू करायचं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

"पोरवय आहे हो, मस्करी केली," मुलीचे वडील म्हणाले.

मुलगीच उठली. कोपऱ्यातली खुर्ची आणली आणि दोन्ही हातांनी तिची पाठ घट्ट धरून उभी राहिली. "बसा मावशी. मी धरलीय."

मी वाकले आणि उजवा हात आपसूक मागे गेला, चाचपायला. हल्ली जातोच. घरी, बसमध्ये, दवाखान्यात. खुर्ची आहे ना, हे कळल्याशिवाय बूड टेकतच नाही. मुलीनं ते पाहिलं.

"तुम्ही रोज असं करता?"

"रोज."

ती रडायला लागली. ती रडली की मला बरं वाटेल, असं मला वाटलं होतं. काहीच वाटलं नाही.

"मावशी, तुम्हाला काय हवंय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"राहू दे तिला शाळेत. मनगट काय, जुळेल. हे मागे चाचपणं तेवढं थांबायला हवं."

मग आणखी थोडं बोलणं झालं, माफी झाली, आणि सगळे उठले. मी एका हातानं खुर्च्या भिंतीशी लावायला घेतल्या.

शेवटची राहिली ती माझी. मुलगी अजून तिची पाठ धरून उभी होती.

"सोड गं बाळा आता," मी म्हटलं, "मी उठले केव्हाची."