फोल्डरभर ‘अहो’

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. जुना म्हणजे किती, तर मला चालू करून लोक चहा टाकायला जायचे आणि कप घेऊन परत यायचे, तेव्हा कुठं मी डोळे उघडायचो. पण म्हणून मला हसू नका हं. एकेकाळी माझ्या पोटात अख्ख्या कोळीवाड्याची हळदीची गाणी होती.

माझा जन्म ठाण्यातल्या एका दुकानात, लाकडी टेबलावर झाला. डबा एकीकडचा, डिस्क दुसरीकडची, पडदा तिसरीकडचा, असं जमवून जमवून मला उभं केलं. उमेदीची वर्षं डोंबिवलीच्या एका क्लासात गेली. पोरं कीबोर्डवर अशी बोटं आपटायची की बटणांवरची अक्षरं पुसट झाली. तरी क्लासचे सर रोज मला फडक्यानं पुसायचे आणि म्हणायचे, “हा आपला वाघ आहे.” मी आपला फुगून जायचो. मग नवी मशीन आली आणि वाघोबाची रवानगी कोपऱ्यात झाली. माझ्या डोक्यावर पाण्याच्या बाटल्या आणि छत्र्या ठेवायला लागले. फार वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

त्याच क्लासात शिकलेल्या मालूनं मला तिथून मागून घेतलं. ती कोलशेतची, कोळ्याची लेक. एका कंपनीत टायपिंगचं काम करायची. टेम्पोतून शीळफाट्याच्या वाटेनं आम्ही निघालो. दर खड्ड्याला माझे स्क्रू बोंबलत होते आणि मालू मला दोन्ही हातांनी धरून बसली होती. क्लासात मी मुका होतो. मालूनं माझ्यात साउंड कार्ड बसवून घेतलं, दोन स्पीकर जोडले, आणि मित्रांनो, मला कंठ फुटला!

पण त्या घरात एका माणसाचा कंठ गेला होता. मालूचे बाबा शिवराम म्हणजे खाडीकाठचे नावाजलेले गायक. बेंजो पार्टी घेऊन ते हळदीला गायला उभे राहिले की म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचून नाचायच्या. मग घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. आता ते कुजबुजल्यागत बोलायचे, तेही एखाददुसरा शब्द. त्यांच्या गाण्यांच्या कॅसेट घरात होत्या, पण खाडीच्या दमट हवेनं त्यांना बुरशी धरली होती. मालूनं टेपरेकॉर्डरची वायर मला जोडली आणि एकेक गाणं माझ्या पोटात उतरवून घेतलं. त्यानंतर त्या कॅसेटी तुटल्याच. म्हणजे बघा, शिवरामांचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी होता, माझ्याकडे. मी किती ऐटीत असेन!

त्यातलं एक गाणं खास होतं. मालूच्या बारशाला शिवरामांनी ते रचलं होतं. तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते, “हिच्या हळदीला हाच गाणा मी उभा राहून गाणार.” आता मालूचं लग्न ठरलं होतं, शहाडचं स्थळ. बाबा गाऊ शकत नव्हते, पण गाणं होतं. हळद लावताना ते वाजायलाच हवं, असं मालूनं मनाशी पक्कं केलं होतं.

तिनं हळदीसाठी प्ले-लिस्ट बनवली. मांडवाचं गाणं आधी, घाणा भरायचं नंतर, मग तिचं खास गाणं. सगळ्या फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत, ‘शिवराम’ या नावानं सुरू होणारी. शिवाय प्रत्येक गाण्याच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आत असलेल्या चिठ्ठीत, गाण्याचं नाव आणि क्रमांकही भरला. गाणाऱ्याचा रकाना मात्र राहून गेला. लग्नाची घाई, दुसरं काय!

मालू सासरी गेल्यावर बाबांना गाणी कोण लावून देणार? म्हणून तिनं आपल्या आईला, रखमाबाईला, मला चालवायला शिकवलं. सातवी शिकलेली बाई, पण हुशार! आठवडाभरात माउस असा फिरवायला लागली की मी थक्क. फाइलचं नाव कसं बदलायचं तेही शिकली. इथंच घोळ झाला.

मालू आत्याला आमंत्रण द्यायला गेली होती. रखमाबाई माझ्यासमोर बसली. प्रत्येक ओळीवर नवऱ्याचं नाव! तिला ओठ हलवून वाचायची सवय. एक ओळ वाचली, जीभ चावली. दुसरी वाचली, इकडंतिकडं बघितलं. लग्नाच्या उखाण्यानंतर तिनं ते नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. मग तिनं पदर सावरला आणि एकेका गाण्याचं नाव बदलत गेली. अहो एक. अहो दोन. अहो तीन. अख्ख्या फोल्डरभर ‘अहो’! मला इतकं हसू येत होतं, पण हसता येईना. आणि पुढं काय होणार तेही मला दिसत होतं.

मित्रांनो, फाइलचं नाव म्हणजे दारावरची पाटी. प्ले-लिस्ट म्हणजे पोस्टमन. तो पाटी वाचून येतो. पाटी बदलली की घर तिथंच, माणसंही घरात, आणि पोस्टमन मात्र परत जातो.

हळदीच्या दिवशी दुपारी दारातला मांडव भरला; मी पडवीतच, शिवरामांच्या खाटेशेजारी होतो. मालूनं गाणी लागतात का ते बघायला बटण दाबलं. पहिलं गाणं नाही. दुसरं नाही. एकामागून एक सगळी ओलांडत लिस्ट खाली गेली आणि थांबली. मालूचा चेहरा पांढराफटक पडला. “बाबांची गाणी गेली!” ती रडायलाच लागली. शिवराम खाटेवर उठून बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. ती नजर मी विसरणार नाही.

तेवढ्यात शिवरामांचे मोठे भाऊ भिवाजी पुढं आले. ठाण्यात ऑफिसात कामाला, म्हणून घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्या वर्षी व्हायरसची जाम चर्चा होती. त्यांनी माझा फोल्डर उघडला आणि ओरडले, “बघा! व्हायरसनं सगली नावं खाल्लीन! अहो, अहो, अहो! हा काय परकार हाय?”

“मग आता, काका?” मालूनं विचारलं.

“एकच इलाज. फॉरमॅट मारायचा. सगला साफ. सीडी हाय माझ्या बॅगेत. गाणी तशी पण गेलीच हायत.”

अरे देवा! गेली कुठं? इथंच आहेत की! मी पंखा जोरजोरात फिरवला, घरघरलो. भिवाजी म्हणाले, “बघ कसा आचके देतो.” आणि सीडी आणायला वळले.

रखमाबाई दाराआड उभी होती. मोठ्या दिरासमोर ती कधी मान वर करून बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर तिनं घट्ट धरला होता. भिवाजींनी सीडी माझ्या तोंडाशी आणली, आणि ती एकदम पुढं आली.

“थांबा! भावजी, हात नका लावू त्याला. व्हायरस-बियरस काय नाय. ती मीच.”

मालू म्हणाली, “आये, तू काय केलंस गो?”

“नावं मी बदलली. जिथं बघावा तिथं यांचा नाव! वाचताना तोंडात येतंय. लाज वाटते मना. म्हणून ‘अहो’ लिवला.”

अख्खा मांडव असा हसत सुटला की बेंजोवाले आत धावत आले. भिवाजींनी कपाळावर हात मारला, सीडी खिशात घातली आणि तेही हसायला लागले.

मालूनं डोळे पुसले. आधी सगळ्या फोल्डरची वेगळी प्रत काढून ठेवली. मग टॅग उघडून बघितले. नाव आणि क्रमांक जसेच्या तसे! दारावरची पाटी बदलली, म्हणून आतला माणूस आपलं नाव विसरत नाही. टॅग वाचून तिनं पाट्या पुन्हा लिहिल्या, एक गाणं लावून बघितलं, मग बाकीची. पोस्टमन घरोघरी पोचला.

आणि हळद लावताना ते गाणं वाजलं. शिवरामांचा भरदार आवाज माझ्या स्पीकरमधून निघाला आणि ते स्वतः शब्द न काढता ओठ हलवत लेकीसमोर उभे राहिले. गाणार म्हणाले होते, गायले. मालू हळदीच्या हातांनी त्यांच्या गळ्यात पडली, सदरा पिवळा झाला.

मग बायका मागं लागल्या, “रखमा, आता नाव घे!” मालूनं आईला माझ्यासमोर बसवलं. “आये, गाणाऱ्याची जागा रिकामी आहे. ती तूच भर.” रखमाबाईनं एका बोटानं एकेक अक्षर शोधलं आणि शेवटी मोठ्यानं म्हणाली, “शिवराम.”

खाटेवरून घोगरं कुजबुजणं आलं, “परत.”

ती पुढच्या गाण्यावर गेली आणि परत म्हणाली. असं करत सगळी भरली.

आता मी माळ्यावर आहे. नाव जरूर बदला, मित्रांनो, पण आधी प्रत काढा, एक बदला, वाजवून बघा, मगच पुढं जा. घाईनं कोणी सगळंच पुसायला निघालं, तर समोर कोण का असेना, रखमाबाईसारखं ‘थांबा’ म्हणा. आणि माझ्यावरही अधूनमधून फडकं मारा. गाणी आता नव्या मशीनवर गेलीत. आजही कोलशेतला कोणाची हळद असली की शिवराम गातात.